साखरझोप

हडर्सफील्डच्या आमच्या ऑफिसात
वाढदिवस कुणाचाही असो, केक ग्लेन कापतो.
कॅरमेलचे थर, वर क्रीम, त्यावर पुन्हा चॉकलेटचे गोळे.
सुरी उंच धरून तो म्हणतो,
"घ्या, एकेक बशी डायबेटिस!"
सगळे हसतात.
मीही हसतो. नऊ वर्षं झाली तरी
मी इथे थोडा नवाच आहे.

खोटं कशाला बोलू,
हा विनोद मी इथे शिकलो नाही.
लीड्सच्या मंडळात, गणपतीच्या जेवणाला
श्रीखंडाची तिसरी वाटी पुढे करत
मीच म्हणालो होतो कानिटकरांना,
"घ्या हो, इन्शुलिन फुकट आहे या देशात!"
केवढी टाळी पडली होती.
शाल्मली तेव्हा चार वर्षांची,
टेबलाखाली कुणाच्या तरी चपला लपवत होती.
इन्शुलिन आमच्या घरी अजून आलं नव्हतं.

मग आलं. फ्रिजमध्ये,
लोण्याच्या वरच्या कप्प्यात राहायला.

आता ती अकराची. दंडावर नाण्याएवढं यंत्र.
कमरेच्या पंपाला ती भाऊसाहेब म्हणते,
कारण तो सारखा कटकट करतो.
शाळेत एकाने विचारलं,
इतकी चॉकलेटं खाल्लीस का, म्हणून झालं?
"हो," म्हणाली, "तुझ्या वाटणीची पण."
घरी सांगताना खूप हसली.
मग बुटाची नाडी सोडायला
फार वेळ लावला तिने.

पहाटे तीन चाळीसला माझा फोन किंचाळतो.
याच वेळेच्या झोपेला
आपल्याकडे साखरझोप म्हणतात.
तीन पॉइंट एक, बाण खाली.
अंधारात ज्यूसच्या खोक्याचं भोक सापडत नाही.
तिचं डोकं माझ्या मांडीवर, कपाळ घामाने गार.
पी बाळा. अजून एक घोट.
मिरजेहून आई फोनवर,
बातमी जरा बरी असली की लगेच,
"तुझ्या तोंडात साखर पडो!"
पडतेय, आई.
मोजून पंधरा ग्रॅम.
पंधरा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा बघायचं.
बाहेर दिव्याखाली एक कोल्हा
शेजाऱ्यांचा कचऱ्याचा डबा हुंगतोय.

शुक्रवारी मोरीनचा वाढदिवस. साठ पूर्ण.
ग्लेनची सुरी वर, तेच वाक्य.
सगळ्यात मोठ्याने मोरीन हसते.
बशी घेताना तिची बोटं दिसतात मला,
टोकांवर बारीक काळे ठिपके,
यंत्र यायच्या आधी शाल्मलीचे होते तसे.
मी पाहतो.
मी पाहिलेलं ती पाहते.
"आलेच मी," म्हणत पर्स उचलते,
"माझ्या तुकड्याला कुणी हात लावू नका हं."

मी काही बोलत नाही. बोलायला हवं होतं बहुतेक.
तिची बशी तेवढी
तिच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवतो
आणि वर एक पेपर नॅपकिन घालतो.