काट्यावरचे वीर

धान खरेदी केंद्रावर रात्रीचे साडेअकरा.
अठ्ठावीस ट्रॅक्टर रांगेत,
लाइन गेलेली, काटा डोळे मिटून बसलेला.
तणसाच्या शेकोटीशी रोशन मडावी आणि मी
शाळेपासून अडलेला हिशेब पुन्हा काढतो:
'राखेचा मुकुट'च्या पाच भागांत
सगळ्यात ताकदवान कोण?

रोशन पहिल्या भागाचा. ओर्मा, भालेवाली.
तिच्या एका घावाला नव्याण्णव,
आणि नव्याण्णवच्या पुढे त्या खेळात आकडाच नव्हता,
आभाळ तिथंच संपायचं.
मी म्हणतो, चौथ्या भागातला इझेन
नुसता शिंकला तरी नऊ हजार.
रोशन लाकूड आत सरकवतो.
चौथ्यात तर बेडकालाही चार हजारांचा जीव आहे, म्हणतो,
ही महागाई झाली गड्या, ताकद कुठं वाढली?

मग तो आजोबांची खंडी काढतो.
तुमच्या गावची खंडी आमच्या गावात कधी खंडी भरली का?
पायली तीच, हात वेगळा.
एक शिगोशीग भरणार, एक काठावर पुसून घेणार.
दोन भागांमधून चुलबंद वाहते,
अलीकडचं माप पलीकडे नेऊ नये.

मी मापाडी. मला हे कसं पटावं?
पावतीबुकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर
तक्ता आखलाय मी: बळ, चपळाई, मंत्र, कातडीची जाडी.
फक्त ब्रुनापाशी पेन थांबतो.
दुसऱ्या भागात ती अर्ध्यावरच मरते,
पुलावर, कोणतंही बटण दाबा, मरतेच.
तिच्यापुढे काय लिहू?
त्या दिवशी होतं तेवढं,
की पुढे झालं असतं ते?
(रोशननं तेव्हा दोन दिवस खेळ बंद ठेवला होता.
दहावीचं वर्ष होतं, घरचे खूश झाले.)

बिसन नेवारे इतका वेळ बिडी ओढत ऐकत होता.
हमाल. खांद्यावर पोत्याचं तुकडं, केसांत भुसा.
"काय गा," म्हणाला, "थे तुमचे पहेलवान
पोते किती उचलतेत?"

आम्ही हसलो. मग आठवायला लागलो.
ओर्माच्या झोळीत नव्याण्णव तलवारी,
वजन शून्य.
इझेन तर नाव घेऊन फिरतो खिशात, शिडासकट.
ब्रुनाकडे सहा दरवाजे होते.
एकटा तिसऱ्या भागातला ताल्विक,
त्याला ओझ्याची मर्यादा होती:
ऐंशीच्या वर एक दगड जरी घेतला
तरी तो वाकायचा, पाय ओढत चालायचा,
लांडगे मागून यायचे आणि पळता यायचं नाही.
आम्हाला तो कधीच आवडला नाही.
चिडून आम्ही त्याला विहिरीत ढकलायचो.

बिसन म्हणाला, "मंग थोच.
भार झाला का हळू चालते,
म्हंजे खरा बोलते थो.
बाकीचे खोटारडे आहेत तुमचे."

लाइन आली. काटा जागा झाला,
लाल शून्यं एकेक करून लागली.
मोहन्याचा ट्रॅक्टर मागं आला, चाळीस किलोची पोती,
बिसन वाकला, पाठीवर घेतलं,
पाय ओढत चालला,
थंडीत त्याच्या मानेतून वाफ निघत होती.
चाळीस सहाशे. चाळीस सहाशे. चाळीस पाचशे नव्वद.
मी लिहीत गेलो.

शेवटचं पोतं काट्यावरून उचललं
तेव्हा आकडा शून्याच्या खाली गेला,
वजा वीस ग्रॅम, जेमतेम पापणीभर,
आणि थप्पीवर ते टाकून मोकळा झालेला बिसन
दोन पावलं अशी चालला
की टाचा जमिनीला लागल्याच नाहीत.
हात आपोआप बाजूला पसरलेले.
"होते असा," तो म्हणाला, "भार गेला का
मानूस उडते थोडासाक."

पाचव्या भागात उडायला
नऊ सोन्याच्या किल्ल्या लागतात.
मी रोशनकडे पाहिलं. त्यानं पाहिलं होतं.
तरी तो म्हणाला, ओर्माच.
मी म्हणालो, पुढचं ट्रॅक्टर.