जाडी तार

रेल्वे इन्स्टिट्यूटच्या डबल बासला तीनच तारा होत्या.
चौथी, सगळ्यात जाडी,
ऑब्रे गार्डनं म्हणे कधीतरी
मोटारसायकलचा सायलेन्सर बांधायला काढली.
पुढे मोटारसायकल विकली, तारेसकट.

त्याच बासवर मी शिकलो.
रविवारी दुपारी, भुसावळचं ऊन पत्र्यावर तडतडत असताना
ऑब्रे रेकॉर्ड लावायचा.
आधी खरखर, मग खरखरीच्या तळाशी
कुठल्याशा परक्या माणसाची बोटं, चालत निघालेली.
"ऐक," म्हणायचा आणि झोपून जायचा.
रात्रपाळीचा माणूस.

ती बोटं खाली उतरली की माझं बोट हवेत.
तेवढ्यात आउटरला एखादी मालगाडी धापा टाकत थांबे
आणि खिडकीची काच थरथरे.
बरोबर तोच सूर असेल असं नाही,
पण मी तोच धरला.

बापाचा डबा घेऊन जिनिंगात जायचो.
पट्टा फिरायचा, त्याचा शिवलेला सांधा
दर फेरीला चाकावर आपटायचा, थप,
वाटे त्याहून किंचित उशिरा.
पुढे पुण्यात एका ड्रमरनं विचारलं,
हा उशीर कुठून उचललास?
मी एका रेकॉर्डचं नाव ठोकून दिलं.
चामड्याच्या सांध्याचं काय सांगणार!

आणि कानबाईची रात्र.
साऱ्या बायांचे आवाज वर चढत जायचे,
आईचा खाली.
"हाई बाई शे का बैल!" म्हणून हसायच्या.
तिला वर जाताच यायचं नाही.
ती खाली उभी राहायची,
बाकीच्या तिच्या खांद्यावर पाय देऊन
देवीपर्यंत पोचायच्या.

ऑब्रे पर्थला गेला, मुलीकडे.
रेकॉर्डी मला दिल्या, सुई मात्र घेऊन गेला.

आता माझ्या बासला चारही तारा आहेत, जर्मन, महागड्या.
जाडी पहिल्यांदा छेडली तेव्हा दचकलोच.
जिथे इतकी वर्षं
आई, आउटर, दुपारचं घोरणं दाटीवाटीनं बसलं होतं,
तिथे नुसता एक सूर.
स्वच्छ. भाड्यानं आलेल्या बिऱ्हाडासारखा.

अजूनही कधीकधी, संथ गाण्यात,
बोट त्या तारेपर्यंत नेतो आणि ठेवत नाही.
पियानोवाला मान वर करून बघतो,
हा चुकला की काय.

चुकलो नाही, भो.
सिग्नल पडायची वाट बघतोय.