पाठीवरचं नाव

राबोडीत मुकादमांच्या दुकानात, म्हणजे
जिन्याखालच्या साडेतीन फुटांत,
मी ते पहिल्यांदा हातात घेतलं.
एचएमटी जनता. पांढरी तबकडी पिवळी पडलेली
जुन्या लग्नपत्रिकेसारखी,
काचेवर इतके ओरखडे
की पावणेचार वाजलेत की साडेनऊ
ते तिरकं धरून बघावं लागलं.

उलटं केलं.
पाठीवर कोरलेलं :
श्री. हसुराम गणा भोईर
२५ वर्षे सेवा
प्रभात टूल्स, वागळे इस्टेट, १९८७

"नावामुळे भाव पडतो," मुकादम म्हणाले,
डोळ्यावरचं भिंग न काढता.
"बफ मारतो. दोन मिनिटांत आरसा."

खरं आहे. आम्हा जमवणाऱ्यांना
कोरी पाठ लागते.
तबकडी मूळची हवी, काटे मूळचे, चावीसुद्धा मूळची,
माणूस तेवढा नको.
माझ्या कपाटात एक्केचाळीस घड्याळं आहेत,
आणि तरी तू सगळीकडे उशिरा, असं बायको म्हणते.
त्यातल्या एकाचंही मनगट मला माहीत नाही.

मुकादमांनी झाकण उघडलं.
आत सतरा माणकं,
मोहरीहून बारीक, लालबुंद.
लेथवर उभं राहून राहून पाय सुजलेल्या माणसाच्या हातात
सतरा माणकं
आणि तो डबा विसळत असणार त्याच हातानं.

झाकणाच्या आतल्या अंगाला
सुईनं ओरखडलेलं काहीतरी.
१०/८८. ९/८९. १०/९०.
"अब्बांचं अक्षर," ते म्हणाले, आणि भिंग काढलं.
"हा भोईर घड्याळ घालून खाडीत चिंबोऱ्या धरायचा.
अब्बा ओरडायचे. चिखल काढायचे. तारीख टाकायचे.
वर्षानं हा पुन्हा हजर.
घड्याळ, आणि पिशवीत चार चिंबोऱ्या."

नव्वदनंतर एकदम ४/९७.
मधलं सगळं कोरं.
मुकादमांनी कडेवर नख फिरवलं :
"ही खूण आमची नाही. सोनाराची.
गहाण असेल."

कंपनी एक्याण्णवला बंद पडली
हे मला ठाऊक होतं, घर घेताना कागदात होतं.
मी तिच्याच जमिनीवर राहतो, अकराव्या मजल्यावर.
भोंगा होता तिथे आता
मुलांचा पोहण्याचा तलाव आहे.

सगळ्यात खाली २/०६,
अक्षर वेगळं, दोनाचं शेपूट भलतीकडेच घसरलेलं.
"हे?"
"माझं. पहिलंच.
अब्बा जानेवारीत गेले."
जरा थांबून :
"भोईर काही बोलला नाही. चिंबोऱ्या ठेवल्या आणि गेला.
मग आलाच नाही."

बफ नको, मी म्हणालो.
"मग तीनशे कमी द्या," मुकादम म्हणाले,
धंद्यातला माणूस,
आणि झाकण लावायच्या आधी, न विचारता,
सुई उचलली.

रात्री चावी दिली.
बोटांना दाते लागत होते, मग अडली.
उशाशी ठेवलं तर झोप येईना, इतका आवाज.
सकाळी मोबाइलच्या चार मिनिटं मागे.

मी काटे हलवले नाहीत.
भोईरनं ते भोंग्याशी लावलं असणार,
आणि भोंगा खरा किती वाजता व्हायचा
हे आता इमारतीत
कुणाला विचारू?