खार वजा

कोटेशन आलं ते कानडीत.
अनगोळ नाक्यावरच्या दुकानाचा शिक्का,
खाली बसलिंग मुचंडीची सही.
आकडे तेवढे इंग्रजी, म्हणून मला आधी आकडेच कळले.
गरम-गार दोन्ही करणारा एसी, सेहेचाळीस हजार पाचशे.
गिझर पंचवीस लिटरचा, अकरा हजार आठशे.
वायरिंग नवी, जुनीला हा भार सोसायचा नाही, सहा हजार दोनशे.
गच्चीवरच्या डब्याला स्टँड, बाराशे.
बसवणावळ पंधराशे.

एवढं कशाला होतंय रे?
'तांब्याचा भाव बघा की अक्का,
आतली नळी सगळी तांब्याची.'

मग मी त्याला मोरीतला बंब दाखवला.

ताणकाट्याला अडकवून त्यानं तो उचलला.
अकरा किलो चारशे.
मी मनात गुणाकार सुरू केला तोवर
त्यानं स्क्रू ड्रायव्हरनं पोटावर टिचकी मारली.
आवाज बद्द आला.
'खार बसलाय आत. एक किलो सहाशे धरतो. तो वजा.'

अंगणात पालथा घालून हातोडीनं ठोकला
तशी तळहाताएवढी खपली पडली.
खालचे थर जाड, तांबूस: विहिरीच्या पाण्याचे.
वरचे पातळ, पांढुरके: राकसकोपचा नळ आल्यानंतरचे.
मधे एक काळी रेघ.
ती कुठल्या सालची, मला सांगता आलं नाही.

एकतीस वर्षं हे उद्यमबागेत भट्टीपुढं उभे.
लोखंड ओतून यायचे, आणि चप्पल काढायच्या आधी विचारायचे,
पाणी तापलंय काय?
दिवसभर आग अंगावर घेतलेल्या माणसाला
पुन्हा कढत पाणी कशाला, मला कोडं पडायचं.
गारानं वाळू निघत नाही, म्हणायचे.
कानातली, नखातली, बेंबीतली निघायची.
मोरीच्या तोंडाशी काळी साचायची,
मी तिनं कढया घासायची.

आत गेलेली तेवढी राहिली.

डॉक्टर पाच्छापुरेंनी फोटो उजेडाला धरला,
म्हणाले, घरात धूर नको,
उन्हाळ्यात खोली गार पाहिजे, थंडीत उबदार.
गोळ्या लिहून दिल्या.
खोलीचं नुसतं तोंडानं सांगितलं.

बंबाचे चार हजार नऊशे.
भिशी उचलली, अठ्ठावीस. लेकीचे वीस.
बाकीचं हप्त्यानं, मार्चपर्यंत.
तीन दिवस मी कॅलेंडरच्या मागं हिशेब करत होते,
आणि हे खिडकीजवळच्या खुर्चीत
एक शब्द न बोलता ऐकत होते.

शनिवारी डबा वर चढवला.
गच्ची उतरती, डबा डुगडुगायला लागला.
'स्टँडशिवाय जमत नाही बघा अक्का.'

तेव्हा खुर्चीतून आवाज आला,
प्रत्येक शब्दाआधी थांबून, श्वास गोळा करून:
बंबाखालची. जाळी. घे.

बिडाची जाळी. ह्यांनीच ओतलेली,
कुठल्याशा दिवाळीच्या आधी, उरलेल्या रसातून,
साहेब जेवायला गेल्यावर.
तिच्यावर मी एकतीस वर्षं
शेंड्या, कुडाच्या काटक्या, जुन्या वह्या जाळल्या.
तिला वाकणं माहीत नाही.

बसलिंगनं वर पाणसळ ठेवली.
बुडबुडा इकडं गेला, तिकडं गेला,
मधे येऊन उभा राहिला.
'चालतंय की,' तो म्हणाला, जरा नाराजीनंच.

मी खाली येऊन पेन्सिल घेतली.
स्टँड, बाराशे. त्यावर आडवी रेघ ओढली.
खपली कॅलेंडरशेजारच्या कोनाड्यात ठेवली,
तिचं कुणी काही देणार नव्हतंच.

ह्यांनी कागद मागून घेतला, लांब धरून वाचला,
बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं.
बसवणावळ. पंधराशे.
'हे पण,' म्हणाले,
थांबले,
'थोडं तोड की.'