उरलेला स्क्रू

आमच्या अराक शहरात त्याला शीशे म्हणतात,
म्हणजे काच.
इराजनं ती पहिल्यांदा ओढली ती ट्रकपायी:
बंदर अब्बास ते अराक, एका दमात.
मालक म्हणाला होता, झोप परवडत नाही.
पुढे झोपेलाच तो परवडेना.

सहा रात्री डोळ्याला डोळा नाही.
छतावरचा पाण्याचा कूलर त्यानं खाली आणला,
पंप, पट्टा, पंखा, भुशाच्या जाळ्या
रुखवत मांडावं तसं अंगणात मांडलं
आणि कॅमेरा शोधत बसला.

मी शाळेचे गणवेश शिवते.
निळे, तीनशे नग, मेहेर महिना लागायच्या आत.
माझ्या मशीनच्या टाक्यांतून म्हणे शेजारचे बोलतात:
इ-राज, इ-राज, इ-राज.
मशीन थांबवलं तर म्हणाला,
बघ, मी ऐकतोय हे कळलं त्यांना.

दंडातले किडे तो चमच्याच्या दांड्यानं उकरायचा.
किडे नव्हते.
चमचे मी लपवले, मग दांडे असलेलं सगळंच.

आईनं इस्फंद जाळून त्याची दृष्ट काढली.
धूर वर गेला, आणि तो किंचाळला:
खूण करतेस त्यांना?

मग मी खोटं बोलले.
बटणांच्या डब्यातलं एक काळं बटण
त्याच्या तळहातावर ठेवलं.
हा घे. सापडला. काढून टाकला.
त्यानं बटणाकडे पाहिलं नाही,
माझ्याकडे पाहिलं.
म्हणजे तुला ठाऊक होतं, कुठे होता ते.

त्या नजरेचं काय करायचं, अजून कळलेलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर मानीझेंनी आधी ट्यूबलाइट बंद केली.
दोघा शिपायांना बाहेर पाठवलं.
खुर्ची अशी ओढली की
तो आणि दार, मध्ये कुणी नको.
शेवटचं कधी झोपलास? पाणी कधी प्यायलास?
ताप बघितला, नाडी बघितली: एकशे बेचाळीस.
हे काळीज घाटात चढतंय, म्हणाल्या,
आधी याला उतारावर आणू.
इंजेक्शन. सलाईन. भासांची गोळी दुसऱ्या दिवशी, छोटीच.

मला व्हरांड्यात गाठून म्हणाल्या:
कॅमेरा आहे म्हणू नकोस. नाही म्हणून भांडूही नकोस.
म्हण, तू घाबरलायस, मी इथे आहे.
एवढंच तुला पक्कं माहीत आहे,
तेवढंच बोल.

तीस तास झोपला.
मी त्याचे श्वास नगांसारखे मोजले,
दोनदा चुकले, पुन्हा एकपासून.

बरा होईल?
आवाज बहुतेकदा जातात, म्हणाल्या,
कधी दिवसांत, कधी आठवड्यांत.
महिन्यानंतरही राहिले तर वेगळा विचार करू.
पण पुन्हा ओढली तर लवकर परततील,
त्यांना आता तुमचा पत्ता माहीत झालाय.
आणि ओढ? तिच्यासाठी खात्रीची गोळी नाही.
मंगळवारची बैठक आहे, चहा फुका मिळतो.

तीन मंगळवार गेला. चौथ्याला नाही गेला.
पाचव्याला गेला.

कूलर आम्ही दोघांनी जोडला.
शेवटी एक स्क्रू उरला,
कुठला ते दोघांनाही सांगता येईना.
तो त्यानं खिडकीत ठेवला. मी विचारलं नाही.
कूलर चालतो, जरा थरथरतो.

गणवेश राहिले होते अजून एकशे दहा.
काल रात्री मी आधी दार उघडं ठेवलं,
मग पायडलवर पाय ठेवला,
हळू, जसा झोपल्या लेकरावरून ओलांडून टाकतात.
पलीकडच्या खोलीत कूस बदलल्याचा आवाज.
मी थांबले.
सुई कापडात, अर्धी.

आवाज येतोय, तो म्हणाला.
माझ्या पोटात गोळा.
कुणाचा?

मशीनचा.
तेल घाल तिला.