मुख्य भूमी

वॉशिंग मशीनच्या दाराचा खटका तुटला.
नवा खटका नऊ पौंड.
वजन एका अंड्याइतकं
(हे मी नंतर काट्यावर घालून पाहिलं).
पानाच्या माथ्यावर हिरवी पट्टी, ठळक अक्षरं:
मुख्य भूमीवर कुठेही पोच मोफत.
मी नाव भरलं, इसोबेल स्वॉन्सन. गाव लिब्स्टर.
पोस्टकोड टाकला मात्र,
खाली एक ओळ उगवली, रात्रीत अळंबी उगवावी तशी:
बेटांसाठी अधिभार, एकवीस पौंड.

नाकापेक्षा मोती जड म्हणतात.
इथे तर नाकच उचलून समुद्रात ठेवलेलं.

भरले मी. काय करणार?
मर्डोच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, रोजच्या दोन चादरी,
आणि तीन दिवसांच्या चादरी टबात भिजत पडलेल्या.
मग हात पुसले आणि पत्र लिहायला बसले.

महोदय, मी बेटावर राहत नाही.
माझ्या दाराबाहेर कोंबड्यांची जाळी आहे,
मग सदरलँडांचा गोठा, मग रस्ता.
तो रस्ता इन्व्हरनेसला जातो, तिथून पर्थला,
तिथून पार तुमच्या गोदामाच्या फाटकाशी.
वाटेत पूल लागतात, मेंढ्या लागतात,
बोट लागत नाही.
सव्वीस वर्षं मी विक ते थर्सो शाळेची बस चालवली,
एकदाही ती बोटीत चढवली नाही.
आमच्या पोस्टकोडची पहिली दोन अक्षरं
ऑर्कनीचीही आहेत, हे खरं.
पण आडनाव एक असलं म्हणून
शेजाऱ्याचं कर्ज माझ्या नावावर लावाल?

उत्तर आलं, खाली सही: क्लोई, ग्राहक आनंद विभाग.
तुमची नाराजी आम्ही समजू शकतो.
तुमचा भाग दुर्गम यादीत येतो.

दुर्गम.
शब्द घशात अडकला, हॅडॉकचा काटा अडकतो तसा.
कुठून दुर्गम, क्लोई?
माझ्या घरापासून पाव दोन मिनिटांवर,
डॉक्टर पाच,
स्मशानभूमी आठ, तिथे आई आहे.
अकरा तासांवर आहात ते तुम्ही.
मी कधी लावला तुम्हाला अधिभार?

पाचव्या दिवशी सँडी मावटने पत्रपेटीतून
एक जाड पाकीट आत सरकवलं.
साधं टपाल. चिकटवलेल्या पट्टीवर छापलेलं:
तीन पौंड चाळीस.
मी दार उघडून त्याला हाक मारली.
"सँडी, आज कुठल्या बोटीने आलास?"
त्याने लाल व्हॅनकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि मर्डो कसा आहे असं हळूच विचारलं.

पाकिटाचा फोटो काढला, शेजारी अंडं ठेवून.
तो दुसऱ्या पत्राला जोडला, तिसऱ्यालाही.
चौथ्याची एक प्रत ग्राहक तक्रारींच्या कचेरीत.
मध्ये त्यांनी सद्भावना म्हणून दहा पौंडांचं कूपन पाठवलं,
पुढच्या खरेदीवर.
परत केलं.
सद्भावना मी चर्चच्या विक्रीत
कुणाच्या तरी करपलेल्या केकवर खर्च करते.
हे माझे पैसे आहेत.

एका मंगळवारी एकवीस पौंड खात्यात आले.
सोबत अक्षरही नाही, क्लोईचंसुद्धा.
मर्डो म्हणाला, जिंकलीस, आता चहा टाक.
चहा टाकला, आणि तो उकळेपर्यंत
ते पान पुन्हा उघडून पाहिलं.
हिरवी पट्टी तशीच. मुख्य भूमीही तशीच,
फक्त तिच्या डोक्यावर आता एक चांदणी,
माशी बसून गेल्यासारखी.
चांदणीवर बोट ठेवलं की दुसरं पान,
त्याच्या तळाशी तिसरं,
तिथे बारीक अक्षरांत, सगळ्या बेटांच्या पाठोपाठ,
आम्ही.

संध्याकाळी बेथिया कॉर्मॅक आली,
फोन ॲप्रनच्या खिशात.
गादी मागवायची होती तिला. अधिभार पंच्याण्णव.
"इसोबेल, ते पत्र अजून आहे का गं तुझ्याकडे?"

मी वाळलेल्या चादरी खुर्चीवरून उचलल्या, तिला बसवलं,
चष्मा शोधला.
"आधी हे सांग," मी म्हटलं,
"तुझ्या दारापासून रस्ता किती पावलं?"