हातचा

वीत्स्के तर्प्स्ट्रा बाझलला आली तेव्हा
तिच्या पेटीत दोन कोट होते
आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट.
बँका तपासायला बूट कशाला?
"सवय," ती म्हणाली.

बाप फ्रीसलंडचा, समुद्राच्या बांधावरचा राखणदार.
काठीनं गवत बाजूला सारत
घुशींची बिळं शोधत फिरायचा.
लाटांकडे पाठ असायची त्याची.

पहिली तपासणी हार्लिंगेनची:
मासेमारीच्या नौकांवर कर्ज देणारी लहानशी बँक.
वहीत अकरा नौका.
मॅनेजरनं कॉफी दिली, एक बिस्किट दिलं,
डबा बंद केला.
ती उठून धक्क्यावर गेली, वाऱ्यात उभं राहून मोजल्या.
सात.
आठवीही होती म्हणा,
पण तिच्यात कुणीतरी कोंबड्या पाळल्या होत्या.

मग हा गोल मनोरा, स्टेशनासमोरचा.
लांब टेबल, देशांच्या पाट्या, कानाकानात दुभाषी.
बँकांनी भांडवल "राखावे"
की "राखलेच पाहिजे",
यावर आठ वर्षं.
तेवढ्यात कुरोनुमांना दोन नाती झाल्या,
ब्राझीलच्या जासिराबाईंनी मसुद्यांच्या समासात
अख्खं पक्षी-अभयारण्य काढलं,
आणि एकाची पाटी
हळूच खणात ठेवावी लागली.
शेवटी ठरलं:
"राखणे अपेक्षित आहे."
टाळ्या वाजल्या. तिनंही वाजवल्या.

मी तेव्हा नवा, ताल्लिनहून आलेला.
तिच्या फायली उचलायचो.

तो फोन रविवारी रात्री आला.
त्या बँकेच्या गणितावर सही तिची होती.
चारशे पानं, देखणी;
हजारातले नऊशे नव्याण्णव दिवस
बँक सुरक्षित, असं सिद्ध केलेलं.
उरलेला एक, तो हा रविवार.

बँक बुडाली म्हणतात,
पाणी कुठंच दिसत नाही.
काचेच्या दाराआड दिवे चालू,
कुंडीतलं झाड हिरवंगार,
बाहेर माणसं रांगेत, शांत,
जणू पावासाठी उभी.

वरातीमागून घोडं निघालं मग.
घोडं उमदं होतं: सोळाशे पानांचं.
"राखलेच पाहिजे" आता सहज मंजूर झालं,
जेवणाच्या सुट्टीआधी.

त्या काळात एकदाच बोलली ती,
लिफ्टमध्ये, चौथ्या आणि नवव्या मजल्यामध्ये:
"त्या वेळी मी धक्क्यावर गेले नव्हते."
दार उघडलं. सभा होती.

निवृत्तीच्या दिवशी घड्याळ दिलं.
भाषणात "स्थैर्य" हा शब्द अकरा वेळा आला.
मला कसं माहीत?
तिनं रुमालावर रेघा ओढल्या होत्या.

तिचं टेबल मी आवरलं.
खालच्या खणात एक पत्र,
चर्चमधले ऑर्गन सुरात लावणाऱ्या
कुण्या म्हाताऱ्या हारमेन वीर्समाचं.
शिवी नाही, विनवणी नाही.
नुसती बेरीज, पेन्सिलीनं,
एकेचाळीस वर्षांत त्यानं जे जे ठेवलं त्याची.
आकड्यांच्या डोक्यावर बारीक अक्षरात
हातचा एक, हातचे दोन,
शाळेत शिकवतात तसे.
त्याखाली तिच्या निळ्या शाईत बरोबरची खूण.

ऱ्हाइनवरची नाव तुम्ही पाहिली असेल.
इंजिन नाही, वल्हं नाही;
वर या तीरापासून त्या तीरापर्यंत ताणलेली तार,
आणि प्रवाहच ढकलत नेतो.
परवा तिच्याबरोबर बसलो.
पायात ते जुने बूट, तळ नवा लावलेला.
तिनं नावाड्याला, बाल्त्सला, विचारलं,
ही तार शेवटची कधी तपासली?
तो हसला. "बाई, आजवर कधी तुटली नाही."

ती हसली नाही.
मान वर करून
तारेकडे बघत राहिली,
एका टोकापासून,
सावकाश.